सत्कार वजा जाता

रत्नागिरीच्या माणसाला आंब्याची पेटी विकून दाखवावी. तो आधी फळीवरचं बागेचं नाव वाचतो, मग झाकण उचकटायला लावतो, वरची रांग बघून नुसतीच मान हलवतो आणि पेंढ्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं फळ बाहेर काढतो. देठाशी हुंगतो. "कर्नाटकचा नाही ना मिसळलेला?" असं विकणाऱ्याच्या तोंडावर विचारतो. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यानं याच्या स्वभावात काडीचा फरक पडलेला नाही. मानांकन कागदाला मिळालं, फळाचं काय ते मी बघतो, असा त्याचा बाणा.

हाच माणूस जवानांच्या नावानं देणगी मागणारा दारात आला की पेटी न उघडताच पैसे मोजतो. हिशेब विचारायचा म्हणजे सीमेवरच्या जवानावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं त्याला वाटतं. वास्तविक दारात उभा असतो तो जवान नसतो. पांढरा शर्ट घातलेला, खिशाला दोन पेनं लावलेला एक कार्याध्यक्ष असतो. पण त्याच्या हातातल्या पावतीपुस्तकावर तिरंगा छापलेला असतो आणि तिरंग्याला 'तुमचा मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट दाखवा' असं कसं म्हणणार? तेव्हा यजमान पावतीवर आपलं आडनाव बरोबर लिहिलंय ना, एवढंच तपासतो. तिथं मात्र एक वेलांटी चुकलेली खपवून घेत नाही.

माजी सैनिकांसाठी देणगी गोळा करण्याचे आपल्याकडे ठरलेले हंगाम आहेत. २६ जानेवारी, २६ जुलैचा कारगिल विजय दिवस, १५ ऑगस्ट आणि ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन. सीमेवर काही घडलं तर अवकाळी सरी येतात त्या वेगळ्या. कोकणात या कामाला माणसं लगेच हळवी होतात, त्याला कारण आहे. पूर्वी इथला तरुण घाट चढला तर पलटणीत जायचा आणि बोटीत बसला तर गिरणीत. दापोलीला तर अजून जुनी माणसं 'कॅम्प' म्हणतात. इंग्रजांच्या काळात तिथं पेन्शनर शिपायांची वस्ती होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तिथंच राहिले होते. मंडणगड-खेडपासून राजापूरपर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, भिंतीवर एक तरी फोटो टोपी-बिल्ल्यातला सापडतोच. तेव्हा या जिल्ह्यात दानत कमी नाही. दान कुठं जातं ते बघायची सवय तेवढी नाही.

ते कुठं जातं हे मला आमच्या भागातल्या एका मंडळाच्या 'जवान कृतज्ञता सोहळ्या'त समजलं. शेजारच्या खुर्चीवर आमच्या आळीतले निवृत्त सुभेदार होते. व्यासपीठावर उत्सवमूर्ती म्हणून खेड्यातून आणलेले एक वृद्ध नाईक होते. कोटाला डांबरगोळ्यांचा वास, छातीवर पदकं, पाठ सरळ. त्यांच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ दाते, पाठी मात्र कुणाचीच सरळ नाही. दीपप्रज्वलन झालं. समई वाऱ्यानं चारदा विझली. स्वागतगीत झालं. मग 'मी दोनच शब्द बोलणार आहे' असं म्हणून उठलेले गृहस्थ चाळीस मिनिटांनी बसले. त्यानंतर सत्कार सुरू झाले. मुख्य देणगीदार, उपमुख्य देणगीदार, सभागृह सवलतीत देणारे, सवलत देण्याची शिफारस करणारे, पेढे देणारे, ध्वनिक्षेपकवाले आणि ज्यांचं नाव पत्रिकेत चुकून राहिलं ते. प्रत्येकाला शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. शेवटी, राष्ट्रगीताच्या जरा आधी, नाईकांना अकरा हजारांचा धनादेश दिला. धनादेश फ्लेक्सचा होता, पाच फूट लांब. खरा चेक कार्यालयातून नंतर नेण्याचा होता, कारण एक सही राहिली होती.

नाईक तो पाच फुटी धनादेश घेऊन एसटी स्टँडवर गेले. कंडक्टरनं त्याचं सामानाचं तिकीट काढायला सांगितलं.

दरम्यान सुभेदारांनी पत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीनं हिशेब मांडला होता. हॉल, मांडव, आवाजवाला, तीन फ्लेक्स, बावीस शाली, बावीस नारळ, स्मृतिचिन्हं, बटाटेवडा, कोकम सरबत, फोटोग्राफर. बेरीज केली, खाली रेघ मारली आणि लिहिलं: सत्कार वजा जाता शिल्लक, नाईक. "बावीस शालींत फौजेची शाल एक," ते म्हणाले. "बाकीच्या एकवीस सिव्हिल."

त्या पेन्सिलीच्या रेघेखाली मला एक मोठं तत्त्व सापडलं. कुठलीही सेवाभावी संस्था वाया घालवते त्या पैशाचा सर्वांत जाड वाटा चोरीचा नसतो, तर देणाऱ्याला खूश ठेवण्याचा असतो. चोर निदान लपून खातो. आपण दाते आपला वाटा व्यासपीठावर, फोटोसकट आणि टाळ्यांच्या गजरात परत घेतो, आणि वर नारळ घरी नेतो.

हे फक्त रत्नागिरीतच होतं असं मानून कुणी कमीपणा घेऊ नये. अमेरिकेत सगळंच मोठं असतं, त्यामुळे सोहळेही मोठे. 'वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट' ही इराक-अफगाणिस्तानात जखमी झालेल्या सैनिकांसाठी काम करणारी तिथली बलाढ्य संस्था. जानेवारी २०१६ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स' आणि 'सीबीएस' या दोघांनी तिच्या खर्चाच्या बातम्या दिल्या. कोलोरॅडोतल्या एका आलिशान हॉटेलात संस्थेच्या कर्मचाऱ्यांचं संमेलन होतं. त्यात मुख्य अधिकारी स्टीव्हन नार्डिझी हॉटेलच्या मनोऱ्यावरून दोराला लटकत खाली अवतरले. दुसऱ्या एका समारंभात ते घोड्यावरून आल्याचंही एका माजी कर्मचाऱ्यानं सांगितलं. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांना हे कुणी सांगू नये. ते फक्त उशिरा येतात तेच परवडतं. मार्चमध्ये संस्थेच्या संचालकांनी नार्डिझींना घरी पाठवलं, नवा प्रमुख म्हणून निवृत्त जनरल आणला आणि खर्चाला कात्री लावली. संस्था आज चालू आहे. तिथं बातमी आल्यावर देणगीदारांनी हात आखडता घेतला, एवढं लक्षात ठेवण्यासारखं.

आपल्याकडे कुलाब्याची 'आदर्श' सोसायटी आठवते का? कारगिलच्या वीरांचं नाव घेत निघालेली चर्चा ३१ मजले चढून गेली आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे चौकशी आयोगानं सांगितलं, की ती जागा कारगिलच्या वीरांसाठी राखीव नव्हतीच. म्हणजे जवानाला फ्लॅट तर नाहीच मिळाला, राखीव जागेचा कोरडा मानही गेला.

या दोन्ही गोष्टींना निदान इमारत होती, हॉटेल होतं. व्हॉट्सॲपवरच्या देणगीला तेवढंही लागत नाही. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर एक संदेश वर्षातून दोनदा उगवतो. शंभर कोटी लोकांनी रोज फक्त एक रुपया दिला तर महिन्याला तीन हजार कोटी, वर्षाला छत्तीस हजार कोटी, एवढ्यात सैन्याची सगळी शस्त्रं नवी. सोबत बँकेचा खाते क्रमांक, एका नटाचं नाव आणि सरकारनं निर्णय घेतल्याची ग्वाही. गुणाकार अगदी बरोबर असतो. बाकी काही बरोबर नसतं. एप्रिल २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाला जाहीर खुलासा करावा लागला, की हा संदेश दिशाभूल करणारा आहे आणि त्यातला खात्याचा तपशील चुकीचा असल्यानं लोकांनी पाठवलेले पैसे जमाच होत नाहीत. देशभक्ती बाउन्स झाल्याची ही पहिलीच अधिकृत नोंद असावी. गंमत म्हणजे लढाईत शहीद किंवा जखमी झालेल्यांसाठी सैन्याचा 'आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड' हा निधी खरोखरच आहे. पण तो शोधायला अधिकृत संकेतस्थळ उघडावं लागतं, आणि फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो.

ही सगळी उदाहरणं ऐकून आमच्या वाचनालयातले एक निवृत्त हेडमास्तर दुसऱ्या टोकाला गेले. त्यांनी नियम केला: मी दिलेल्या रुपयातले शंभरच्या शंभर पैसे जवानाला पोचले पाहिजेत, संस्थेनं स्वतःवर एक पैसा खर्च करता कामा नये. ऐकायला छान वाटतं. सुभेदार म्हणाले, "गुरुजी, पलटणीत एकाच्या हातात बंदूक असते. त्याच्या मागे भाकऱ्या भाजणारा, ट्रक हाकणारा आणि पगारपत्रक लिहिणारा असतो म्हणून ती बंदूक चालते. तुमच्या हिशेबानं ते सगळे वायफळ खर्च."

मग त्यांनी एक उदाहरण दिलं. डोंगरातल्या एका वाडीतली म्हातारी, शिपायाची विधवा. नवऱ्यानं लग्न केलं ते रजेवर आल्यावर, गावच्या देवळात. युनिटला ते रीतसर कळवलंच नाही, म्हणजे लग्नाची पार्ट टू ऑर्डर पडली नाही. माहेरचं नाव एक, सासरी बदललेलं दुसरं, आधारवर ऑपरेटरनं स्वतःच्या कल्पनेनं घातलेलं तिसरं. डिस्चार्ज बुकात बायकोच्या रकान्यात आडवी रेघ. आता फौजेच्या कागदांवर तो शिपाई ब्रह्मचारी वारला आणि ही बाई कुणाचीच कुणी नाही. तिला शाल देऊन काय करणार? तिला हवा आहे तो प्रतिज्ञापत्र करून देणारा, ग्रामपंचायतीचा दाखला काढणारा, रेकॉर्ड ऑफिसला महिनोन्‌महिने चिकाटीनं पत्रं लिहिणारा एक चिवट कारकून. त्याचा पगार आणि एसटीचं भाडं संस्थेच्या जमाखर्चात 'आस्थापना खर्च' म्हणून दिसतं. पण त्यातून त्या बाईला मरेपर्यंत पेन्शन सुरू होते. याच्या उलट, साड्यावाटपाचा कार्यक्रम शंभर टक्के 'थेट मदत' म्हणून दिसतो, आणि साडी पहिल्या पावसाळ्यात गोधडीत जाते.

म्हणजे नुसत्या टक्क्यावर जाण्यात अर्थ नाही. हे अमेरिकेतल्या संस्थांना गुण देणाऱ्या मंडळींनाही उमगलं. २०१३ साली 'चॅरिटी नेव्हिगेटर'सह तीन प्रमुख मूल्यमापक संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्रच लिहिलं, की संस्थेची पारख केवळ व्यवस्थापन खर्चाच्या टक्क्यावरून करू नका. हेडमास्तरांनी ही माहिती शांतपणे ऐकून घेतली आणि पत्रात व्याकरणाच्या चुका होत्या का, ते विचारलं.

मग द्यावं तरी कुठं? याचं उत्तर फार रुक्ष आहे, आणि रुक्ष आहे म्हणूनच बहुधा बरोबर आहे. पहिली जागा ध्वजदिन निधी. १९४९ पासून दर ७ डिसेंबरला लाल, गडद निळा आणि आकाशी अशा तीन दलांच्या तीन रंगांचा छोटा झेंडा देऊन हा निधी गोळा होतो. आपल्याला तो माहीत असतो तो शाळेतल्या मुलानं आणलेल्या स्टिकरमुळे, किंवा कुठल्या तरी दाखल्यासाठी कार्यालयात गेलो असताना टेबलापलीकडून पुढे आलेल्या पावतीमुळे. जिल्हाधिकारी कार्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रत्येकाला उद्दिष्ट ठरवून दिलेलं असतं आणि ते पुरं करायची जबाबदारी अखेर गुरुजी आणि ग्रामसेवक यांच्यावर येऊन पडते. या झेंड्याला ग्लॅमर म्हणून नाही. कुणी त्याच्यासोबत सेल्फी काढत नाही.

पण पैसा कुठं जातो ते छापलेलं असतं. १९९३ साली वेगवेगळे निधी एकत्र करून केंद्राचा 'सशस्त्र सेना ध्वजदिन निधी' झाला. त्यातून चालणाऱ्या योजनांमध्ये पेन्शन नसलेल्या, ६५ वर्षांवरच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना दरमहा मदत आहे. ती नोव्हेंबर २०२५ पासून ४ हजारांची ८ हजार झाली. मुलांच्या शिक्षणाची मदत महिना १ हजाराची २ हजार झाली, मुलीच्या लग्नाची ५० हजारांची १ लाख. इथं पुष्कळांच्या भुवया वर जातात: फौजी, आणि पेन्शन नाही? नाहीच. जवानाला पेन्शनसाठी साधारण पंधरा वर्षांची नोकरी लागते. घरच्या अडचणीनं दहाव्या वर्षी परतला तो भात लावायला मोकळा. प्रत्येक माजी सैनिकाला पेन्शन आणि कँटीनमधला स्वस्त माल मिळतो, ही आपली ठाम समजूत. त्यातल्या पेन्शनीत आपल्याला रस नसतो हा भाग वेगळा.

दुसरी जागा १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर स्थापन झालेला राष्ट्रीय संरक्षण निधी. माजी सैनिकांच्या मुलांना मिळणारी पंतप्रधान शिष्यवृत्ती त्यातून येते. आणि ज्यांना आपला पैसा डोळ्यांनी बघायची हौस आहे त्यांनी घाट चढून पुण्याला खडकीत जावं. तिथं 'क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट' आहे. पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या शिपायांना हाताला काम शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत ती सुरू झाली. जवळच कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या सैनिकांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासूनचं. व्हीलचेअरवरून बास्केटबॉल खेळणारे, तोंडात कुंचला धरून चित्रं काढणारे जवान तिथं आहेत. ते कुणाकडे बिचारेपणानं बघत नाहीत, त्यामुळे दयाळू पाहुण्यांची जरा पंचाईत होते.

पण आपल्या गावातल्या संस्थेलाच द्यायचं असेल तर? जरूर द्यावं. फक्त आंब्याला लावता त्याच्या निम्मी तरी चिकित्सा इथं लावावी. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, ते लेटरहेडवरच्या क्रमांकावरून कळतं. महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याखाली विश्वस्त संस्थेला दरवर्षी हिशेब तपासून सादर करावे लागतात आणि अर्ज केला की ते बघता येतात. गणपतीची वर्गणी गोळा करायलासुद्धा त्या कार्यालयाची परवानगी लागते, मग जवानांच्या वर्गणीला का नको? त्या हिशेबात तीनच गोष्टी बघाव्यात. मागच्या वर्षी किती माजी सैनिकांचं कोणतं काम झालं, ते नावनिशीवार सांगता येतं का? शिल्लक रक्कम दरवर्षी वाढतेच आहे का, म्हणजे जवानांसाठी जमवलेला पैसा मुदत ठेवीत पेन्शनीला बसलाय का? आणि 'समारंभ व प्रसिद्धी' या रकान्यासमोर काय आकडा आहे? एवढं विचारल्यावर कार्याध्यक्ष रागावले तर समजावं, आणि चहा मागवून कपाटातली फाइल काढली तरीही समजावं.

आयकराचं म्हणाल तर सूट मिळण्यासाठी दोन हजारांवरची देणगी रोख देऊन चालत नाही आणि संस्थेला आयकर खात्याची मान्यता हवी. नव्या कर-प्रणालीत ती सूटच नाही. ती प्रणाली आल्यापासून आमच्या आळीतल्या काही दात्यांचं देशप्रेम 'जुन्या प्रणालीत राहावं की नाही' या विचारात मार्चअखेरपर्यंत अडकून पडतं.

तर या सगळ्या अभ्यासाचं सार मी वाचनालयाच्या बैठकीत मांडलं: जी संस्था देणाऱ्यावर कमीत कमी खर्च करते तिला डोळे उघडे ठेवून द्यावं, आणि बदल्यात फक्त पावती घ्यावी. विचार सर्वांना फार आवडला. हेडमास्तर तर गहिवरले. असा क्रांतिकारक विचार चार भिंतींत राहता कामा नये, असं ठरलं आणि बिनसत्काराच्या संस्थांचा जाहीर सत्कार करायचा ठराव झाला. हॉल, आवाजवाला आणि स्मृतिचिन्हं यांसाठी तीन उपसमित्या नेमल्या. खर्च वजा जाता उरेल ती सर्व रक्कम ध्वजदिन निधीला द्यावी, हेही नोंदवलं. सुभेदारांनी उपसूचना मांडली, की आधी निधीला देऊन टाकावं आणि उरलं तर सत्कार करावा. उपसूचना पुढच्या बैठकीपर्यंत एकमतानं तहकूब झाली.